झटका बंद, रेडिओ चालू

यवतमाळला चाललेय म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "लग्न आहे का कोणाचं?" नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "मग कोणी आजारी?" नाशिकचा माणूस तिसऱ्या एखाद्या कारणासाठी एवढ्या लांब जाऊ शकतो, हे काही त्यांना पटेना. मी म्हटलं, गच्चीवर एक पोल लावलाय तो काढायचा की ठेवायचा ते ठरायचंय. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी हौशी रेडिओवाली आहे. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या घरातून स्वतःच्या एरियलच्या तारेवर बोलणारी. आमचा नाशिकचा छोटा क्लब आहे. सायकल शर्यतीत, डोंगरात कोणी हरवलं तर, पुराच्या दिवसांत, जिथे मोबाइल हात वर करतो तिथे आम्ही सेट घेऊन उभे राहतो. पैसे मिळत नाहीत, चहा मिळतो. आणि रोज संध्याकाळी राज्यभरचे आम्ही वीसेक जण रेडिओवरच एका ठरलेल्या जागी जमतो, हजेरी लावतो, आवाज नीट पोचतोय ना ते बघतो.

या हजेरीत वर्षभरापूर्वी एक नवा आवाज आला. मंदाताई. कळंबजवळच्या एका खेड्यातल्या आशा सेविका. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "नाव टाकू नका ताई, मंग लोकं मशीन पाहाले येतीन अन् मलेच चहा ठेवा लागन."

मंदाताई हौसेपोटी रेडिओकडे आलेल्या नाहीत. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या मोठ्या दिरांची, म्हणजे तिकडच्या भाषेत भासऱ्यांची, मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. नाल्याला पूर, पूल पाण्याखाली, वीज गेलेली, आणि वीज गेली की गावातला टॉवरही थोड्या वेळात मान टाकतो. पाणी जरा उतरल्यावर गड्यांनी मुलीला खाटेवरून पलीकडे नेलं. पलीकडे गाडी नव्हती, कारण गाडी बोलवायचं काम आशा म्हणून मंदाताईंचं, आणि त्यांचा निरोपच पोचला नव्हता. मुलगी वाचली, बाळ गेलं. त्यानंतर मंदाताईंनी कुठूनतरी या रेडिओबद्दल ऐकलं, अभ्यास केला, नागपूरला जाऊन परीक्षा दिली, आणि जुना सेट मिळवून समाजमंदिराच्या गच्चीवर तारेसाठी पोल लावला.

या हिवाळ्यात हजेरीला त्यांना दोनतीनदा हाक मारावी लागायची, कधी उत्तर यायचं, कधी नाही, आणि आम्ही त्यांच्या जुन्या सेटला दोष द्यायचो. जानेवारीत एका हजेरीला त्या म्हणाल्या, ग्रामपंचायत पोल काढायला सांगतेय. गावात कुजबुज होती की हा आवाज कुठे जातच नाही, बाई एकटीच बोलते. सरपंचबाईंनी शेवटी सांगितलं, येत्या शनिवारी बैठकीआधी सगळ्यांसमोर यवतमाळला बोलून दाखव, नाहीतर पोल उतरव. मी त्याच रात्री तिकीट काढलं. क्लबातले आमचे ज्येष्ठ प्रकाशकाका म्हणाले, "अगं, तिला फोनवरून सांगू की काय करायचं ते." मी म्हटलं, "काका, मी जातेय. तुम्ही येताय की नाही एवढंच सांगा." ते आले. वाटेत भांडले, पण आले.

नाशिकरोडहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी धामणगावला उतरता येतं. तिथून बाभुळगावमार्गे यवतमाळला एसटी किंवा काळीपिवळी. जीप लवकर सुटते, पण भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई असेल तर एसटीच बरी. थंडीत जाणार असाल तर स्वेटर वरच ठेवा, सकाळी दात वाजतात. दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा कापूस, उभी तूर, मधे हिरवागार हरभरा. आमच्याकडे तारा बांधायची दुमडती लांब काठी होती. कंडक्टरने ती बघून विचारलं, "मासे धराले चालले का?"

काका म्हणाले, "नाही, रेडिओची काठी आहे."

"मंग तिकीट नाई लागत," तो म्हणाला. "मासे आनले असते तं लागलं असतं."

यवतमाळच्या स्टँडवर आलूबोंडा आणि वर लालभडक तर्री खाल्ली. काकांनी तर्री "थोडी" मागितली, त्यांना थोडी म्हणजे वाटीभर मिळाली, आणि कळंबपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. दोघांचा जाण्यायेण्याचा, राहण्याखाण्याचा सगळा खर्च मिळून चार हजारांच्या आत बसला, हे नियोजन करणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

कळंबहून मंदाताईंच्या गावाकडे वळलो की रस्ता उतरत जातो. गाव खोलगट भागात आहे, भोवती टेकाडं. साध्या वॉकीटॉकीचा आवाज इथून यवतमाळपर्यंत पोचणं शक्य नाही. त्यासाठी आमची युक्ती म्हणजे तार फार उंच न बांधता जरा खालीच बांधायची. मग आवाज सरळ वर आभाळात जातो आणि कारंज्यासारखा आजूबाजूच्या जिल्ह्यांत पडतो. फक्त एक अट आहे. सूर्य बुडाला की जवळची माणसं गायब होतात. मग परदेशातला कोणीतरी खणखणीत ऐकू येतो आणि यवतमाळकर नाही.

मंदाताईंना मी पहिल्यांदाच पाहिलं. आवाजावरून उंच वाटल्या होत्या, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी मला मिठी मारली आणि लगेच म्हणाल्या, "जेवून घ्या, मंग पोलावर चढा." उकडलेल्या तुरीच्या शेंगा, वांग्याची भाजी, भाकरी. जेवल्यावर तार ताणली, बॅटरी जोडली, तीन वाजता सेट लावला. नागपूर ऐकू आलं, अकोला ऐकू आलं. खरखर नाही, आवाज स्वच्छ. काकांनी समाधानाने चष्मा पुसला. पण दाखवायचं कोणाला? सगळं गाव वावरात. आणि यवतमाळचे आमचे सतीशराव ऑफिसातून सुटून साडेपाचला रेडिओवर येणार होते.

पाचला माणसं परतू लागली. सव्वापाचला समाजमंदिर भरलं. सरपंचबाई खुर्चीवर, बाया सतरंजीवर, पोट्टे खिडकीत. मंदाताईंनी सेटचं बटण फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू आलं, टक. टक. टक. टक.

सेकंदाला एक. त्याच्याखाली नागपूर गेलं, अकोला गेलं, सगळं गेलं.

आमच्या जमातीची एक खोड आहे, बिघाड झाला की आधी स्वतःचंच सामान उघडायचं. काकांनी जोडण्या काढल्या, लावल्या. मी सगळ्यांचे मोबाइल चार्जर काढायला लावले. ट्यूबलाइट बंद केली. टक. टक. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "घड्याळ ऐकू येऊन राह्यलं यवतमाळचं!" आणि सगळं समाजमंदिर हसलं. मंदाताई हसल्या नाहीत. त्या सेटचं बटण पुन्हापुन्हा फिरवत राहिल्या आणि मला भयंकर राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. पण एवढ्या लांब येऊन एका टकटकीसमोर हार मानायची नाही, हे तिथेच ठरवलं.

काकांच्या पिशवीत बातम्या ऐकायचा खिशातला रेडिओ होता. तो लावून मी समाजमंदिराबाहेर पडले. त्यावरही तीच टकटक. नाल्याकडे गेले तर कमी, मागे वळले तर जास्त. मागच्या हरभऱ्याच्या वावरापाशी तो रेडिओ हातात नाचायला लागला. कुंपणाची तार, तारेला पिवळे इन्सुलेटर, कोपऱ्यात सोलरची पाटी आणि एक डबा. झटका मशीन. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, वावरात शिरू नयेत म्हणून तारेत सेकंदाला एक झटका सोडणारं यंत्र. दुपारी बंद असतं. पाच वाजता लावतात.

डब्याजवळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पांढऱ्या धोतरातला, साठीचा एक उंच माणूस उभा होता. मी सांगितलं, रेडिओ ऐकू येत नाही, मशीन थोडा वेळ बंद करता का?

"कायले?" तो म्हणाला. "मले तं येऊन राह्यलं ऐकू. टकटक."

"अर्धा तास फक्त."

"अन् डुकरं थांबतीन का तुमच्या टेस्टापायी? काल त्या धुऱ्यावरून घुसले. दोन तासं खाल्ली हरभऱ्याची, दोन अख्ख्या ओळी."

तेवढ्यात मागून मंदाताई धावत आल्या आणि त्याला बघून जागीच थांबल्या. पदर डोक्यावर घेतला, नजर खाली. मला तेव्हा कळलं, हेच भासरे. त्या पावसाळ्यानंतर ते मंदाताईंशी एक शब्दही बोलले नव्हते. एरवीही तिकडे भावजयीने भासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं, त्यामुळे हे न बोलणं गावात कोणाच्या डोळ्यावरही आलं नव्हतं.

मंदाताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अनघाताई, त्याइले सांगा. मले अर्धा घंटा पाह्यजे. त्या दिवशी नाई भेटला."

भासरे दोन हातांवर उभे होते. त्यांना ऐकू गेलंच होतं. पण रेडिओवर दोन स्टेशनांना एकमेकांचं ऐकू येत नसलं की मधलं स्टेशन निरोप पोचवतं आणि त्यातला शब्दही बदलत नाही. मी तसंच केलं. वळून म्हटलं, "त्यांना अर्धा तास हवाय. त्या दिवशी नाही मिळाला."

त्यांनी तारेकडे पाहिलं, मग टेकाडाकडे. सूर्य टेकाडाच्या वर चार बोटं उरला होता.

"राखण कोन करन?" त्यांनी मला विचारलं.

"आम्ही दोघं. मी आणि काका."

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. "डुक्कर पाह्यलं हाय कधी?"

"चित्रात."

"दोन धुऱ्याले दोघं उभे राह्यजा. थाळी वाजवत राह्यजा, थांबू नका." मग तसंच माझ्याकडे बघत, पण आवाज जरा वर करून म्हणाले, "तिले सांगा, अर्धाच घंटा. अन् मी दारात उभा राह्यतो. मले ऐकाचं हाय."

मी वळले आणि मंदाताईंना शब्दन् शब्द सांगितलं. भासऱ्यांनी डब्यावरचं बटण खाली ओढलं. माझ्या हातातला रेडिओ एकदम गप्प झाला.

तर मंडळी, रात्रभर प्रवास करून जी परीक्षा बघायला गेले होते, ती मी पाहिली नाही. ती चालू असताना मी हरभऱ्याच्या धुऱ्यावर स्टीलची थाळी चमच्याने बडवत उभी होते. पलीकडच्या टोकाला प्रकाशकाका डबा वाजवत होते, अगदी तालात, कारण त्यांच्याने बेताल काही होत नाही. मंदाताईंच्या शेजारी बसून त्यांना धीर द्यायचा, अडल्या तर पुढचा शब्द सांगायचा, असं मी नाशिकपासून ठरवत आले होते. आता त्या आत एकट्या होत्या. समाजमंदिराची खिडकी दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. थाळीच इतकी वाजत होती. झुडपात काहीतरी सळसळलं, तेव्हा मी घाबरून एवढी ओरडले की असलेलं जनावरही पळालं असेल.

मनात एकच होतं. सूर्य, थांब जरा.

टेकाडावर शेवटची लाली उरली तेव्हा भासरे येताना दिसले. सावकाश, हात मागे. माझ्यापाशी येऊन थांबले. मी थाळी थांबवली.

"पोचलं," ते म्हणाले.

मी विचारलं, "काय बोलल्या त्या?"

"तिनं सांगतलं, पुलाच्या पलीकडे गाडी पाठवा, बाई अडली हाय. त्या मानसानं सगळं परत बोलून दाखोलं. म्हने, गाडी पाठवून राह्यलो." त्यांनी समाजमंदिराकडे वळून पाहिलं. "खरी गाडी नाई, ठाऊक हाय मले. सराव होता तो." मग धोतराचं टोक डोळ्यांना लावलं, डब्याकडे गेले आणि विचारलं, "लावू आता बटन?"

मी तिथेच धुऱ्यावर बसले आणि रडले. काका लांबून विचारत होते, "झालं का? वाजवणं थांबवू का?" त्यांना सांगायचं कोणाला सुचलं नाही, ते आणखी बराच वेळ वाजवत होते.

बैठकीत सरपंचबाईंनी निकाल दिला. "राहू द्या पोल. पन झेंड्याच्या पोलाहून उंच नोको."

दुसऱ्या दिवशी परतताना कळंबच्या चिंतामणीला गेलो. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आत गारवा असतो. सकाळी गर्दी नव्हती. काकांनी हात जोडून काय मागितलं विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. तर्रीचा त्रास कमी होऊ दे." बाहेर चहा घेतला, यवतमाळ, धामणगाव, गाडी, नाशिक.

आता घरी येऊन काही दिवस झाले. बूट अजून धुतलेले नाहीत, त्यांना तिथली काळी माती आहे. कोणी विचारलं, काय पाहिलंस, तर सांगण्यासारखं खरंच थोडं आहे. यायचं असेल तर हरभरा उभा असताना या आणि वाजवायला काहीतरी घेऊन या.

रोजची हजेरी चालू आहे. हजेरी असते सव्वापाचला, झटका लावायच्या वेळेनंतर. तरी मंदाताई आमच्या पहिल्या हाकेला उत्तर देतात, पूर्वीसारखं दुसऱ्यांदा बोलवावं लागत नाही. पहिले दोनतीन दिवस मला वाटलं, योगायोग असेल. काल प्रकाशकाका हवामान सांगण्यात रमले होते, त्यांचं संपेना. शेवटी मंदाताईंनी मधेच माइक दाबला.

"आवरा जी लवकर," त्या म्हणाल्या. "भासरे वावरात उभे हायेत थाळी घेऊन. मलेच म्हनाले, झालं की हाक मारजो."