शोभाताईंच्या अपूर्णांकांवरचा अभिप्राय

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. घरात नाही, कॉलेजात नाही, अमरावतीत ज्यांच्यासोबत रोज सकाळी फिरायला जातो त्यांच्यापाशीही नाही. फार मोठा गुन्हा नाही हो — पोलिसात जावं असं त्यात काही नाही. कदाचित म्हणूनच इतकी वर्षं लपून राहिला.

मी गणित शिकवतो. आणि बऱ्याच वर्षांपासून इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात गणिताचे लेख लिहितो. तिथे कुणीही लिहू शकतं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलू शकतं. पटलं नाही तर लेखामागच्या चर्चापानावर बोलायचं, आणि जास्त जणांना पटेल ते ठेवायचं, अशी रीत. गणिताकडे फिरकणारे आम्ही मोजकेच. त्यात मी जुना. नवीन माणूस आला की त्याला अभिप्राय द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं — आणि मला ते आवडायचं. आधी कौतुक, मग चूक, मग ती कशी सुधारायची. सर फार मायेनं सांगतात, असं लोक म्हणायचे.

शोभाताई अशाच आल्या. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अपूर्णांकांवरचा लेख माझा होता — पहिल्याच ओळीत व्याख्या, दुसरीत चिन्हं. ताईंनी त्याच्या आधी एक नवा भाग लिहिला. भाकरी, तिचे चार सारखे भाग, त्यातला एक म्हणजे चतकोर. संत्र्याचं उदाहरण का घेऊ नये तेही सांगितलं होतं — फोडी लहानमोठ्या असतात, आणि भाग सारखे नसले तर ‘पाव’ म्हणायला अर्थ राहत नाही. पुढे पावकी, निमकी, दिडकी, औटकी — अपूर्णांकांचे जुने पाढे.

ते वाचलं आणि मी थेट माझ्या गावी, मोर्शीला पोचलो. आमच्या बागेत. वडील झाडांना पाणी देता देता मला औटकी विचारायचे, साडेतीनचा पाढा. मी अडखळलो की पुढचं स्वतःच म्हणायचे, चालीवर, पाय चिखलात. किती वर्षांनी तो आवाज कानाशी आला! डोळे भरून आले, हे खरं आहे. आणि लगेच दुसरंही झालं, तेही तितकंच खरं. मला राग आला. हे मला का सुचलं नाही? माझे वडील, माझी औटकी — आणि लिहून मोकळी झाली ही बाई?

सरळ सांगता आलं असतं की मला हा भाग नको. पण चांगुलपणाही माझ्याकडेच राहायला हवा होता — कळतंय ना, मी काय म्हणतोय ते? म्हणून मी माझ्या नावानं लिहिलं, “ताई, सुंदर लिहिलंत, फक्त संदर्भ जोडा.” आणि मग — आता लिहूनच टाकतो — दुसऱ्या नावानं एक नवं खातं उघडलं. त्या नावानं लिहिलं, “हा ज्ञानकोश आहे, पहिलीचा वर्ग नव्हे. लेखिकेला अपूर्णांकाची व्याख्याच येत नाही.” दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं परत आलो. “भाषा कडक आहे, पण मुद्दा बरोबर,” म्हणालो. दोघांचं एकमत झालं. भाग काढून टाकला.

ताईंनी संदर्भ शोधले, पुन्हा लिहिलं. दुसरा पुन्हा तुटून पडला, मी पुन्हा समजूत काढली. असं चालत राहिलं. एके दिवशी त्यांनी लिहिणं थांबवलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी जेवायला बोलावलं. मी मोर्शीची संत्री घेऊन गेलो. दारातच त्यांनी यजमानांना हाक मारली, “अहो, हे पाहा, तेच भाऊ! यायनंच मले सांभाळून घेतलं.”

“आन् तो दुसरा?” यजमान हसत म्हणाले. “त्याचा पत्ता भेटला तं सांगजा सर. त्याले आमच्या घरचा ठेचा चारतो, नुसता, बिनभाकरीचा.”

“राहू द्या ना जी, तुमचं आपलं काहीतरी. तो बी गणिताचाच मानूस असन.” असं म्हणून ताईंनी माझ्या ताटात भाजी वाढली. मग वाढता वाढता थांबल्या. “पन भाऊ, एक इचारू काय? तो म्हने का मले व्याख्याच येत नाही. तवापासून मनात येते — इतकी वर्सं मी पोरायले चुकीचंच शिकवलं काय?”

त्या विचारत होत्या. खरंच विचारत होत्या. पळी हातात तशीच होती. मी एक वाक्य बोललो असतो तर त्यांची सगळी नोकरी त्यांना परत मिळाली असती. त्यासाठी स्वतःचं नाव घ्यायचीही गरज नव्हती — ‘तो चूक होता’, एवढं पुरलं असतं. पण तो चूक, तर मग ‘मुद्दा बरोबर’ म्हणणारा मी कोण?

मी म्हणालो, “प्राथमिकले चालून जाते, ताई.”

त्यांनी मान डोलावली. “हो, चालून जात असन,” म्हणाल्या, आणि मला आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

त्यांनी लिहिलेल्यात एकही चूक नव्हती. हे मला पहिल्या वाचनातच कळलं होतं.