शेवट सांगायचा नाही

माझ्या वहिनीला पुस्तकांचा राग होता. अगदी सवतीचा असावा तसा राग. दादा कामावरून आला, साबणाने चार वेळा हात धुऊनही न गेलेला ग्रीसचा वास घेऊन पुस्तकासह खिडकीत बसला की ती शिवणयंत्राचं पायडल मुद्दाम जोरात मारायची. "तुमचे चंद्रबिंद्र ठेवा तिकडे आणि आधी दूध आणा," म्हणायची. दादा म्हणायचा, "अगं, एवढं पान." त्या एवढ्या पानात दुधाचं दुकान बंद व्हायचं.

सगळ्या संसारात दादाने तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. "अगं" हेच तिचं नाव. रागात अगं, लाडात अगं, मोजे सापडेनात तरी अगं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटातल्या त्या काळ्या बोगद्यात दोरावर लटकून काम. वहिनी घरी बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची. गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकली की ते कमरेत किती वाढलंय हे तिला कळायचं, आणि ती ते बोलूनही दाखवायची. गिऱ्हाइकं तरी टिकली कशी, देव जाणे.

आता आमच्या मंडळाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. चष्मेवाल्याच्या दुकानाला सुट्टी असेल त्या दुपारी आम्ही त्याच्या मागच्या खोलीत जमायचो. दादा, मी, चष्मेवाला आणि निवृत्त टपालकाका. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, टेबलावर काचा नसलेल्या फ्रेम्स, आणि आम्ही चौघं आपापल्या लाडक्या विज्ञानकादंबरीवर तावातावाने बोलतोय. टपालकाकांची कादंबरी दोन ग्रहांमधल्या टपालाची होती. पत्र पोचायला शंभर वर्षं लागतात, त्यामुळे ते नेहमी पणतूच फोडतो. चष्मेवाल्याच्या कादंबरीत सगळं शहर काचेचं. माझी माणसं समुद्राखाली राहायला गेलेली. आणि दादाची 'तिसऱ्या चंद्रावरची विहीर'.

मंडळाचा नियम एकच, आणि तो दादाने घातलेला. शेवट सांगायचा नाही. शेवटच्या प्रकरणाच्या दाराशी आणून सोडायचं. ज्याला पुढचं हवं त्याने पुस्तक घेऊन जावं आणि स्वतः वाचावं. दादाचं पुस्तक मात्र त्याने कधी कुणाला दिलं नाही. "पानं सुटी झालीत, हातात येतील," म्हणायचा. त्यामुळे विहिरीचा शेवट आम्हा कुणाला माहीत नव्हता, आणि विचारणं नियमात बसत नव्हतं.

गोष्ट अशी. दूरच्या एका ग्रहाच्या तिसऱ्या चंद्रावर माणसं पाण्यासाठी विहीर खणतात. खोल गेल्यावर खालून ठोके ऐकू यायला लागतात. कुणीतरी ठोठावतंय. सगळे घाबरून पळतात, एकटा विहीरखण्या खाली उतरतो. वर त्याची बायको खणताना रोज फिरवायची तसंच हवेच्या पंपाचं चाक फिरवत बसते, तिच्या हातावर त्याचा श्वास. तो तळाशी पोचतो, हातोडी उचलतो आणि उलट ठोका देतो. इथे दादा थांबायचा, चष्मा पुसायचा, आणि आम्ही त्याला शिव्या घालायचो.

आयुष्यभर दोरावर लटकलेला माणूस पडला तो घरात, बुटाची नाडी बांधताना. मेंदूतली रक्तवाहिनी. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डोळे बोलायचे, पण तोंडाला कुलूप. वहिनी त्याच्या उशाशी बसून "अहो, एकदा अगं म्हणा, एकदाच," असं किती वेळा म्हणाली असेल. माझ्या देखत म्हणायला ती लाजायची, मग लाजेनाशी झाली.

घरी आणल्यावर बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी यायची. आम्ही तिला वाचाताई म्हणायचो. तिची रीत साधी. पाठ असलेलं काहीतरी म्हणायचं आणि शेवटचा शब्द गाळून थांबायचं. "कधी कधी तो शब्द आपोआप बाहेर येतो," ती म्हणाली. "शब्द गेलेले नसतात हो, त्यांना वाट सापडत नसते. पण पहिले काही महिने महत्त्वाचे. तेवढ्यात वाट सापडली तर सापडली." आकडे झाले, वार झाले, शाळेतल्या कविता झाल्या. दादा छताकडे बघत राहायचा. वहिनीच्या नाकी नऊ आले. तिने गिऱ्हाइकं घेणं बंद केलं, यंत्रावर चादर टाकली.

शेवटी बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी तिने ती कादंबरी काढली. जन्मात पुस्तक न उघडलेली बाई, ओळीखाली बोट ठेवून अडखळत वाचायला लागली. "खाली उतरणाऱ्याने वर पाहू नये, कारण वर दिसतो तो फक्त..." आणि थांबली.

"उजेड," दादा म्हणाला.

वहिनी धावत माझ्याकडे आली. दार उघडं टाकून आली होती आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

मग रोज वाचन. दोर, हवा, खडक, चाक. वहिनी वाक्य अर्धं सोडायची आणि दादा पुरं करायचा. पण फक्त त्या पुस्तकातलं. "पाणी देऊ?" विचारलं की पुन्हा कुलूप. "मी कोण?" विचारलं की नुसतं बघणं. एकदा तिने लबाडी केली. मध्येच आपल्या पदरचं घुसडलं, "आणि तो बायकोला म्हणाला..." आणि आशेने थांबली. दादाने पुस्तकाकडे एक नजर टाकली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पुस्तकात ते नव्हतं ना.

वाचाताई म्हणाली, "हे त्यांचं बोलणं नाही, पाठांतर आहे. पण चालू ठेवा, ह्याच वाटेने स्वतःचाही एखादा शब्द येईल." तो एखादा शब्द, त्याचा स्वतःचा, तिच्याशी बोललेला. वहिनीला जगात दुसरं काही नको होतं.

आणि तिथेच पानं संपली. विहीरखण्या उलट ठोका देतो आणि पुढे नुसता पुठ्ठा. दादा डाव्या हाताने पलंग बडवायला लागला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा त्याच जागी आला, पुन्हा बडवलं. वहिनीने मनाशी पक्कं केलं की ह्या माणसाचं बोलणं त्या हरवलेल्या पानांत अडकलंय.

त्या सुट्टीच्या दुपारी ती चष्मेवाल्याच्या मागच्या खोलीत आली. आयुष्यात पहिल्यांदा. बसली नाही.

"शेवट सांगा," म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"वहिनी, आम्हाला माहीत नाही," चष्मेवाला म्हणाला. "आमचा नियम आहे ना, शेवट सांगायचा नाही."

"इतकी वर्षं एकच गोष्ट ऐकता आणि शेवट माहीत नाही? तिघांपैकी एकालाही नाही?" तिचा आवाज चढला. "अहो, शहाण्यांनो, कुणी एकाने तरी नियम मोडायचा होता! माझा नवरा तिकडे मुका झालाय आणि तुम्ही इथे नियम पाळताय!"

टपालकाका खाली मान घालून बसले होते. ती गेल्यावर म्हणाले, "मी शोधतो." त्यांची गावोगावच्या टपालवाल्यांशी ओळख. त्यांनी पत्रं धाडली. तोवर आम्ही आळीपाळीने दादाकडे जाऊन आपापल्या कादंबऱ्या वाचून दाखवल्या. पाहुण्याने मुलांचं गाणं ऐकावं तसा तो सभ्यपणे ऐकायचा. शब्द नाही. जेवण कमी झालं. चमचा पुढे केला की ओठ मिटायचे. वहिनी म्हणायची, "मी देव पाण्यात घालून बसलेय, आणि ह्यांना घासही नकोय." रडायची, मग स्वतःवरच चिडायची.

शेवटी कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक प्रत आली. सबंध, शेवटच्या प्रकरणासकट. वहिनीने आम्हा सगळ्यांना बोलावलं. वाचाताईही आली. पलंगाभोवती खुर्च्या लावल्या, दादाला उशांना टेकवून बसवलं. वहिनी शेवटचं प्रकरण काढून वाचायला लागली. "त्याने कान खडकाला लावला आणि ऐकू आला..." आणि थांबली.

दादा गप्प.

"अहो, ऐकू आला..."

गप्प. पुढचं वाक्य, गप्प. त्याच्या पुढचं, गप्प. पण त्याचा चेहरा मी पाहत होते. डोळे मोठे झाले होते, तोंड किंचित उघडं. माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा असा दिसतो.

"ह्याने हे वाचलेलंच नाही," टपालकाका हळूच म्हणाले. "ह्याच्या प्रतीत ही पानं कधी नव्हतीच."

मग सगळं लक्षात आलं. नियम का घातला, पुस्तक का दिलं नाही. इतकी वर्षं पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नाही. शेवट न कळलेला माणूस आमच्यापुढे शेवट राखून बसला होता! मला हसू आलं. वहिनी लालबुंद झाली. "म्हणजे सगळी थाप?" दादाकडे बघत म्हणाली. त्याने नजर चोरली नाही. डावा हात उचलून पुस्तकाकडे केला. वाच.

"वाचते," ती म्हणाली. "आता गाळत नाही काही. ऐका."

आणि तिने शेवट वाचला. खाली कुणीच नसतं. ठोके असतात पंपाचे. वर बायको चाक फिरवते, त्याचा आवाज खडकातून खाली जातो आणि आपटून परत येतो. ज्याच्या शोधात तो उतरला ते तिच्याच हाताचं असतं. विहीरखण्या तिथेच बसून ते ठोके ऐकत राहतो. वर चाक फिरतंय. संपलं. तो वर येतो की नाही हे लेखकाने लिहिलेलंच नाही.

"डोंगर पोखरून उंदीर," चष्मेवाला पुटपुटला. पण दादाने एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले. इतका शांत तो आजारपणात कधी दिसला नव्हता. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी वहिनीने पहिलं पान उघडलं. "वर दिसतो तो फक्त..." दादा गप्प. दोर नाही, हवा नाही, चाक नाही. जे शब्द होते तेही गेले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो पुन्हा काढला. नवीन काही नाही, म्हणाले, होतं असं कधी कधी. वाचाताई येत राहिली, पण तिने आशेचं काही बोलणं सोडलं. जेवण आणखी कमी झालं.

"मीच केलं हे," वहिनी मला म्हणाली. मोरीपाशी उभी होती, नळ चालू ठेवून, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "शेवटासाठी अडलं होतं तोवर बोलत होते. मीच शेवट आणून दिला. हात दाखवून अवलक्षण." मी म्हटलं, असं नसतं गं, आजार आहे. पण ते माझं मलाच पटत नव्हतं.

मग तिच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. ती पुन्हा मागच्या खोलीत आली. ह्या वेळी बसली.

"तुमच्या पुस्तकांना दुसरा भाग असतो ना? लिहा."

"वहिनी, आम्ही वाचणारे. आम्हाला लिहिता कुठे येतं?"

"मला कुठे वाचता येत होतं?" ती म्हणाली.

लिहायला बसलो. घोडं लगेच पेंड खायला लागलं. टपालकाकांनी पहिल्याच पानावर विहिरीत पत्र टाकलं. चष्मेवाल्याने भिंती काचेच्या केल्या. वहिनीने सगळं ऐकलं आणि कागद बाजूला सारले. "मला एवढं सगळं नको. तो वर आला पाहिजे. बाकी काही घाला." शेवटी मी लिहिलं. तिने ते कागद स्वतः शिवले, यंत्रावरची चादर काढून. वर जुन्या पुठ्ठ्याचं कव्हर चढवलं. पुस्तकच वाटत होतं.

दुपारी आम्ही दोघीच होतो. दादा फार हलका झाला होता, उशांत बुडून गेला होता. वहिनी कानाशी वाकून म्हणाली, "अहो, दुसरा भाग सापडला. खरंच आहे. ऐका." त्याने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी उघडले. ती वाचत गेली. विहीरखण्याने दोर कमरेला बांधला. बायकोने वरून ओढ दिली. तो खडकाच्या एकेका खाचेत पाय रोवत निघाला. वहिनीचं बोट ओळीवरून घसरत होतं.

"आणि शेवटी, हळूहळू, तो वर..." ती म्हणाली आणि थांबली.

दादाने माझं हस्ताक्षर असलेल्या त्या पानाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला. ओठ हलले. खूप प्रयत्नाने, पण स्वच्छ.

"खोटं," तो म्हणाला.

वहिनीच्या हातातून पुस्तक पडलं. "ऐकलंस?" ती माझ्याकडे वळली, रडत, हसत. "ऐकलंस ना तू? पुस्तकातला नव्हता तो शब्द! त्यांचा स्वतःचा होता! माझ्याशी बोलले!"

"ऐकलं," मी म्हणाले.

ती त्याचा हात गालाला लावून बसली होती. वर येणंच त्याने खोटं ठरवलं होतं, हे तिच्या ध्यानात येण्याआधी मी पुस्तक उचललं आणि तिला दिसणार नाही असं माझ्या पिशवीत टाकलं.