नववा टोल

पानिपतच्या पराभवाची नऊ कारणं आहेत. त्यांपैकी आठ मला आजही तोंडपाठ येतात.

हे ज्या दिवशी उघडकीला आलं, त्या दिवशी आमच्या पेठेत नऊ वाजलेच नाहीत. वाजायला काही हरकत नव्हती, पण वाजवणारा मी होतो!

महाराजांच्या राज्यातली ही गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा घड्याळ असलेली घरं मोजकीच. आमच्या पेठेचा सगळा कारभार कचेरीच्या दारात टांगलेल्या पितळी थाळीवर चालायचा. कचेरीतलं घड्याळ बघून दर तासाला तिच्यावर लाकडी मोगरीनं टोल पडत आणि ते मोजून लोक आंघोळीला, जेवायला, कामाला लागत. माझे चाचा तिथले टोलवाले. मी आजऱ्याहून कॉलेजात शिकायला आलो, तो त्यांच्याच घरी राहिलो. चाचांचे गुडघे धरलेले, म्हणून सकाळी सहा ते दहाची पाळी माझ्याकडे आली. दहाला चाचा येत आणि मी अकराच्या कॉलेजला पळत सुटे. नियम एकच. मोगरी हातातून हातात द्यायची. खाली ठेवून जायचं नाही, खुंटीला अडकवून तर नाहीच नाही.

पाळीवर वही न्यायला बंदी होती. मग मी एक अक्कल लढवली (माझे सगळे घोटाळे याच वाक्यानं सुरू होतात). एका टोलाला एक मुद्दा! सहाला सहा ऋतू, सातला राज्याची सात अंगं, आठला अष्टप्रधान आणि नऊला पानिपत. दहाला काही नाही, दहाला नुसतं वाजवायचं. महिनाभर पेठेला वेळ कळत होती आणि मला इतिहास. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मग वार्षिक परीक्षा आली. अकराला पेपर. नापास झालो तर फीमाफीची नादारी बंद, आणि मग मी परत आजऱ्याला अब्बांच्या शिलाईच्या दुकानात काज करत बसणार. नेमकं त्याच दिवशी दहाला गडहिंग्लजचे पाहुणे माझ्या चुलतबहिणीला, बानूला, बघायला येणार होते.

पहाटे निघताना चाची म्हणाली, "नवाचा टोल पडला की भात चढवते बघ."

चाचांनी मेंदीचा वाडगा दाखवला. "आन् मी आठाला दाढीला मेंदी लावनार. नवाला धुनार. तासभर ठेवली की झ्याक रंग येतो. पाव्हन्यास्नी बशीवलं की लगीच मोगरी घ्याय येतो."

आठ नीट वाजले. नऊला मी मोगरी उचलली आणि सुरू झालो. एकेक कारण, एकेक टोल. सातवं... आठवं... आणि हात हवेतच राहिला. नववं आठवेना! फितुरी झाली, उपासमार झाली, अजून काय झालं होतं? मी पुन्हा पहिल्यापासून मनात म्हणून बघितलं, उलटं म्हणून बघितलं, कपाळ बडवून घेतलं. सात-आठ मिनिटं अशी गेली. मग वाटलं, कारण नाही तर नाही, पेठेचा टोल तरी कशाला अडवून ठेवायचा? म्हणून उरलेला एक देऊन टाकला.

पेठेत काय झालं ते मला मागाहून कळलं. आठ वाजल्यावर तासाभरानं पुन्हा आठ वाजले. टोल चुकेल हे कुणाच्या मनातही येणार नाही. चाची म्हणाली, "मगाशी सातच पडल्यात. आपनच मोजाय चुकलो." चाचांनी दाढीवर मेंदीचा आणखी एक थर चढवला. तेवढ्यात तो एकुलता एक टोल पडला.

"ह्यो कसला?" चाचीनं विचारलं.

"माकड बसलं आसंल थाळीवर," चाचा म्हणाले.

(शेजारच्या एका म्हाताऱ्यानं मात्र एक वाजला म्हणून सुनेकडं जेवायचं ताट मागितलं!)

इकडं मी दहा वाजवले आणि चाचांची वाट बघत उभा राहिलो. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. रस्त्यावर टक लावून माझे डोळे दुखायला लागले. चाचा येईनात, आणि मोगरी खाली ठेवता येईना. शेवटी तिच्यासकट घराकडं धूम ठोकली.

दार ढकलून आत शिरलो, तर पाहुणे बसलेले. मधोमध मुलाचे मामू, हातात खिशातलं घड्याळ. घरात नवाची वाट बघता बघता एकदम दहा पडले होते आणि पाहुणे दारातच उभे, त्यामुळं चुलीवर भाताचा पत्ता नाही. आणि चाचा तोंडाला फडकं गुंडाळून "दाढ ठनकतीया" म्हणत कण्हत होते.

"चाचा, धरा!" मी मोगरी उगारूनच ओरडलो.

मामू तीन हात मागं सरकले. "आरं, ह्यो कोन? मारतूय का काय?"

चाचा मोगरी घ्यायला झेपावले आणि फडकं सुटलं. आतून वाळलेल्या मेंदीनं लिंपलेली दाढी सगळ्या पाहुण्यांसमोर प्रकट झाली. दाराआडून चाचीचे हुंदके ऐकू आले. बानूचं स्थळ माझ्यामुळं मोडणार, या विचारानं मला पेपरसुद्धा आठवेना.

मामूंनी घड्याळ पुढं धरलं. "साडेधा होऊन गेल्यात. ह्या घरात कुनाला येळच ठावं न्हाय व्हय?"

"मामू, चूक माझी हाय," मी म्हणालो. "नवाला मी आठच टोल मारलं. आठवंनाच मला."

"काय आठवंना? नऊ?"

"न्हाय. पानिपतचं नववं कारन. आन् अकराला माझा पेपर हाय."

पडद्यामागं बानूला हसू फुटलं. ते दाबता दाबता आणखी मोठं झालं. मामू आधी गोंधळले, मग त्यांचंही पोट हलायला लागलं.

"आरं, मग हितं काय करतोयस? पळ की! आमचा टांगा हाय भाईर, त्यो घिऊन जा!"

चाचा मोगरी घेऊन, मेंदीसकट, कचेरीकडं लंगडत निघाले. मी टांग्यात.

कॉलेजात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पण पेपर सुरूच झाला नव्हता! प्रश्नपत्रिकांचं पाकीट आमच्या इतिहासाच्या प्रोफेसरांकडं होतं, आणि प्रोफेसर राहायला आमच्याच पेठेत. ते साडेअकराला धापा टाकत आले. "आज त्या टोलवाल्याला काय झालं होतं कोण जाणे!" म्हणाले. मी शाईची दौत न्याहाळत बसलो.

पहिलाच प्रश्न होता, पानिपतच्या पराभवाची कारणं द्या. मी आठ दिली.

काठावर पास झालो. बानूचं लग्नही तिथंच झालं. निकाहाच्या दिवशी चाचांची दाढी अजून गाजरासारखी लाल होती, आणि मामू जो भेटेल त्याला घड्याळ काढून सगळी हकीकत सांगत होते. मला मात्र चाचांनी पुन्हा थाळीच्या आसपास फिरकू दिलं नाही.

नववं कारण होतं, मदत वेळेवर न पोहोचणं. (हे लिहितानासुद्धा वही काढून बघावी लागली.) चाचांची वाट बघत अर्धा तास रस्त्यावर डोळे लावून उभा होतो मी, तरी आठवलं नाही!

पुढं मी इतिहासाचाच मास्तर झालो. दर वर्षी पानिपत शिकवतो. आठ कारणं झाली की खडू हवेत थांबतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, "मास्तर, नववं?" मग मी तास संपल्याच्या घंटेसाठी कान टवकारून उभा राहतो. आमच्या शाळेचा शिपाई फार चोख माणूस आहे. एक मिनिट आधी वाजवेल तर शपथ!