कावळ्याने नेलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, शैलाला तर नाहीच. शैला माझी बायको — यंदाच्या थंडीत गेली. आता तुम्हाला सांगतोय. सातवी नापास माणूस मी, नीट मांडता यायचं नाही. पण खोटं लिहिणार नाही. खोटं तेव्हा बोललो, तेच तर सांगायचंय.

मुलुंडला आमचं तिसऱ्या मजल्यावर घर, पुढे ग्रिलची गॅलरी. चार वर्षांमागे, महाशिवरात्रीच्या सुमाराला, तिथल्या कोपऱ्यात कपड्यांच्या तारेला एका इवल्या पक्षिणीने घरटं लटकवलं. त्याला शिंजीर म्हणतात, हे मुलीने फोनवर सांगितलं. आम्ही नुसतं 'चिमणं' म्हणायचो. अंगठ्याएवढा जीव, चोच वाकडी. जास्वंदीला लटकून मध प्यायचं. फूल खोल असलं तर देठाकडून भोक पाडायचं — चोरच म्हणा. घरट्याचं काम सगळं मादीचं. कोळ्याची जाळी, सालींचे तुकडे, शैलाच्या वातींचा कापूस. नर जांभळा, चकचकीत. तो तारेवर बसून पंख झटकत नुसता गायचा. बारीक, घाईघाईचं.

"अगदी तुमच्यासारखा," शैला म्हणायची. "बायको राबतेय, हा आपला तोंड चालवतोय."

पुढे दोन पिल्लं निघाली. मग तोही कामाला लागला. दोघं कोळी धरून आणायची. शैलाने गॅलरीतली जाळी झाडायचं बंद केलं — त्यांचं जेवण आहे म्हणे! आमचे कपडे आत, पंख्याखाली. गुडघे दुखत असून ती तासतासभर स्टुलावर बसायची. मला राग यायचा. कशाचा? पक्ष्यांचा? की माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नाही, त्याचा?

मग पाडवा आला. आमची गुढी दरवर्षी त्याच कोपऱ्यात. शैला म्हणाली, "अहो, यंदा नको. आठवड्यात उडतील ती." मी हो म्हटलं. पण सकाळी वरच्या मजल्यावरचा परब जिन्यात भेटला. "काय रे, अजून गुढी नाय? घरात कोण गेलंबिलं काय?" हसत म्हणाला. घरात मयत झालं की त्या वर्षी गुढी नसते, एवढंच. पण माझं डोकं सटकलं.

शैला कडुनिंब आणि साखरेची गाठी आणायला खाली गेली होती. मी कात्री घेतली.

घरटं हातात आलं तेव्हा गरम होतं. आत हलत होतं. माहीत नव्हतं असं म्हणू? — माहीत होतं. मागच्या खिडकीतून खाली टाकलं. कुठे पडलं, वाकून बघितलंही नाही. काठी बांधली, तांब्या पालथा घातला.

ती आली. कोपरा बघितला, गुढी बघितली. "कावळ्याने नेलं," मी म्हटलं. "हाकलेपर्यंत नेलं. जागा मोकळीच झाली, म्हणून उभारली." तिने मानलं. माझं सगळंच मानायची.

दिवसभर मादी चोचीत कोळी धरून येत राहिली. गुढीच्या काठीवर बसायची, जागा शोधायची, परत जायची. नर गायला नाही — टोचल्यासारखा ओरडत राहिला. शैला बघत होती. मी श्रीखंड खाल्लं.

लग्न झाल्यापासून रोज जेवणाआधी ती खिडकीत कावळ्याला भाताचा घास ठेवायची. त्या दिवसापासून बंद. कावळा दिसला की लाटणं घेऊन धावायची. "मेल्या, पोरं खाल्लीस!" चार वर्षं. मी आतून ऐकायचो.

तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. झाडावर चार बसले होते, खाली येईनात. गेलेल्याचं मन कशात अडकलं की असं होतं म्हणतात. मुलगी हात जोडून म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." नाहीच. मेव्हणा काहीतरी कबूल करून बसला. नाहीच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "बाबा, तुम्ही बोला ना."

काय बोलायचं ते मला माहीत होतं. एक वाक्य. पण चार लोक होते, परब होता — मी नुसते हात जोडले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

यंदा पाडव्याला गुढी नव्हती. तारेवर नर येऊन गात होता. परब जिन्यात भेटला. मान खाली घालून गेला, काही विचारलं नाही.