बीटाचाच रंग आसंल

"कॅन्सर नाही. पण ही गाठ राहिली असती तर पुढे होऊ शकला असता," विश्रामबागेतले डॉक्टर म्हणाले. कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून केलेली तपासणी. तीत माझ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, सापडला आणि तिथंच काढला. मी वाचले होते. आणि मला धनाजी आठवला.

धनाजी माझा धाकटा भाऊ. आम्ही विट्याचे, त्याचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. एकदा फोनवर म्हणाला, "आक्का, संडासला लाल हुतंय गं. रोज बीट खातूय, त्याचाच रंग आसंल."

"मग बीट बंद कर," मी म्हटलं. लाल थांबलं का, ते परत कधी विचारलंच नाही. तो दवाखान्यात गेला तेव्हा आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता. तो वारल्यावर त्याच्या डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. तेही मी दोन वर्षं टाळलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी एका संशोधनाची माहिती दिली. हळदीतला, जांभळातला रंग आतड्याला जपतो का, आणि त्याच्या खुणा, म्हणजे मार्कर, लाळेत दिसतात का, हे पाहायचं होतं. "तुम्हाला मिळेल त्या गोळीत रंग असेल किंवा नुसती पूड, मलाही माहीत नसेल. लाळेवरून आज काहीच सांगता येत नाही. कोलोनोस्कोपी चुकवायची नाही."

मी सही केली. महिन्यातून एकदा माझ्या सासरच्या कडेगावहून उपाशीपोटी पहिली एसटी. लाळ द्यायची नळी हातात आली की तोंड कोरडं पडायचं. कानात धनाजीचा फोनवरचा तो आवाज, अगदी बेफिकीर. "दमानं घ्या मावशी," नर्स म्हणायची.

धनाजीची मुलगी अश्विनी तपासणीला तयार नव्हती. "आत्या, मला कायबी तरास न्हाई."

शेवटी तिला तो फोन सांगितला. "तुझ्या बापानं मला सांगितलं हुतं गं. मी परत इचारलं न्हाई."

मला वाटलं, आता ही माझ्याशी कधी बोलायची नाही.

"कवा येऊ?" ती म्हणाली.

तिचं आतडं स्वच्छ निघालं. तुमच्या घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर त्रास व्हायची वाट बघू नका.

अश्विनीनं मला माफ केलं का, ठाऊक नाही. पण डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख सांगितली, तेव्हा तिनं ती मोबाइलमध्ये टाकली. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुमची कवा हाय?" आणि तीही टाकली.