रघुनाथ मास्तरांचं मिटलेलं पुस्तक

रघुनाथ मास्तर गेल्याचं मला आमच्या गावाजवळच्या शाहपूरच्या बाजारात कळलं. पुढं शोकसभेत जो तो एकच आठवण सांगत होता. छप्पन साली नवा मध्य प्रदेश झाला, आमचं मराठी बोलणारं गाव त्यात राहिलं, शाळेत हिंदी पुस्तकं आली, पण मास्तरांनी विज्ञानाचं हिंदी पुस्तक वर्गात कधी उघडलं नाही. असा मराठीचा अभिमान! मीही मान डोलावली. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

मी त्याच शाळेत हिंदी शिकवायचो. मास्तर डोळ्याचा धडा घेत तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसायचो. खिडक्या बंद, एका खिडकीच्या फळीला एवढंसं भोक, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उलटा... टांग्याची चाकं वर, घोड्याचे पायही वर. ‘डोळ्यात चित्र असंच पडते. सरळ करतो तो मेंदू,’ मास्तर म्हणत. मग कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका. डावा डोळा मिटून फुलीकडे बघत कागद जवळ आणायचा. एका अंतरावर ठिपका गायब! डोळ्यातून नस बाहेर पडते तिथं दिसत नाही, पण मेंदू ती जागा आपल्या मनानं भरून टाकतो.

हिंदी पुस्तकं आली त्या वर्षी मी चिडून त्यांच्या गावातल्या लालबाग भागातल्या घरी गेलो. ‘मास्तर, पोरांना पेपर हिंदीत लिहायचाय. तुमच्या हट्टापायी नापास होतील.’

त्यांनी दार लोटून घेतलं. ‘हट्ट नाही रे भाऊ. डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग गेला माझा. तुझं तोंड सोडून सगळा तू दिसतो. अक्षराकडे पाहिलं की अक्षरच गायब. मराठी पुस्तक पाठ होतं, चालून गेलं. कोणाला बोलू नको, नौकरी जाईल.’

त्यानंतर शाळा सुटली की मी धडा वाचायचो आणि ते पाठ करायचे. वर्गात समजावायचे मराठीत, उत्तरं सांगायचे हिंदीत. पोरं पास झाली. गावानं मात्र मिटलेलं पुस्तक तेवढं लक्षात ठेवलं.

निवृत्त झाल्यावर ते म्हणाले, ‘आता सांगून टाक भाऊ. खोटा मान नको मला.’ मी आज-उद्या करत राहिलो. खरं तर गावासारखी मलाही ती अभिमानाची गोष्ट आवडायला लागली होती.

परवा मास्तरांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी ते हिंदी पुस्तक माझ्या हाती दिलं. आत फुली-ठिपक्याचा कागद होता. मी डावा डोळा मिटून तो जवळ आणला. ठिपका गेला, तिथं कागद स्वच्छ, कोरा... काही कमी आहे असं वाटेचना. मग दुसरा डोळा उघडला. ठिपका होता तिथंच होता.