अण्णांना काढायला नेलेले पेढे

घर भाड्यानं द्यायला आमच्या अण्णांइतका कडवा विरोध असलेला माणूस अख्ख्या बेंगळुरात सापडायचा नाही, आणि घरं भाड्यानं देणं हाच अण्णांचा उद्योग होता. बनशंकरीतला आमचा फ्लॅट ते सांभाळत. आम्ही मूळचे पुण्याचे. नोकरी विमानतळाच्या बाजूला, म्हणून बिऱ्हाड देवनहळ्ळीला. तिथून बनशंकरीला जायचं म्हणजे दशम्या बांधून गावाला निघाल्यासारखं निघावं लागतं. अशात फ्लॅटच्या मागच्याच गल्लीत राहणारे, निवृत्त आणि वर मराठी बोलणारे अण्णा मिळाले, तेव्हा मनीषाला आणि मला लॉटरीच लागली असं वाटलं होतं. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचं. "बसा की मालक, स्वल्प कॉफी घेऊ, सरी?" असं ते एका दमात म्हणत, आणि त्यातली मराठी कुठं संपली नि कानडी कुठं लागली हे कळायच्या आत कॉफी हातात आलेली असे. फ्लॅटचंही तेच. तो कागदोपत्री आमचा होता खरा, पण बाकी सगळ्या अर्थांनी अण्णांचा होता.

भाडेकरू घर बघायला आला की अण्णा त्याला घर दाखवत नसत, त्यालाच बघत. एक चांगला कमावता इंजिनियर त्यांनी दारातून परत पाठवला. मी फोनवर कळवळून विचारलं, "अहो, तयार होता ना तो?" तर म्हणाले, "तयार काय, कोणीही होईल. शेगडी आहे काय विचारलं तर म्हणतो, मी बाहेरून मागवतो. घरात शेगडीच पेटायची नाही तर घर कशाला हवं? बस स्टँडजवळचा लॉज दाखवून आलो त्याला." आणि खरोखरच स्वतः रिक्षानं जाऊन दाखवून आले होते! एक जोडपं का नाकारलं, तर प्रत्येक प्रश्नाला नवराच उत्तर देत होता. "तिला घर आवडलं काय, हे तिनं सांगाया नको?" यातून कोणी पार पडलंच तर आषाढ लागलेला असे. आषाढात सामान हलवणाऱ्या माणसाकडं अण्णा दयेनं बघत. आषाढ सरला की पितृपक्ष येई, आणि पितृपक्ष सरला की त्यांची पाठ धरे. फ्लॅट आपला रिकामा, आणि आम्ही देवनहळ्ळीत हात चोळत.

बरं, एकदा माणूस पसंत पडला की मग मात्र तो त्यांचा झाला. बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी नव्या पातेल्यात दूध उतू घालायचं, ते अण्णांच्या देखत. मग रोज संध्याकाळी चक्कर. कोणाला ताप आला की डब्यात मिरीचं गरम सारू, म्हणजे आपलं सार. एकदा एका भाडेकरणीची आई नागपूरहून पहिल्यांदाच येणार होती, तर अण्णा तिला आणायला पहाटे स्टेशनवर हजर! त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. आमचे भाडेकरू हेच त्यांचं गणगोत होतं, आणि हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर अण्णांना काढून टाकायचं म्हणत म्हणत आम्ही इतके दिवस गप्प बसलो.

शेवटी मनीषाच कडाडली. "आपण घर भाड्यानं द्यायला काढलंय की मुलगी द्यायला?" तिनं एक कंपनी शोधली होती. सगळं मोबाईलवर, कोणाशी बोलायची गरजच नाही. आता फक्त अण्णांना सांगायचं, तेही गोडीनं, समोर बसून. आणि इथं आम्ही घोळ घातला. कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून जाताना आम्ही पेढ्यांचा बॉक्स नेला. माणसाला कामावरून काढायला पेढे घेऊन जाणारे आम्हीच!

दारात बॉक्स पाहिला आणि अण्णा उजळलेच. "होसकोट्याला दुसरा फ्लॅट घेतलात काय? तरी मी म्हणत होतो!" मी "अहो, तसं नाही" म्हणेपर्यंत त्यांनी बॉक्स उघडून एक पेढा देवापुढं ठेवला आणि उरलेले घेऊन बाहेर धूम ठोकली. वरच्या मजल्यावरच्या अक्का, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळ्यांना वाटप. "आमच्या मालकांनी नवं घर घेतलं. तेही मीच बघणार!" ते कानडीत सांगत होते, पण आम्हाला अक्षरन्‌अक्षर कळलं. मनीषा माझ्याकडं बघत होती आणि मी पंख्याकडं.

ते परत आले, घाम पुसत बसले, आणि मी डोळे मिटून सांगून टाकलं. "अण्णा, घर-बिर काही घेतलं नाही हो. आहे तेच आता एका कंपनीकडं द्यायचं ठरवलंय. तुम्हाला आता हा त्रास नको."

अण्णांच्या हातात अर्धा पेढा होता. तो त्यांनी खाल्ला नाही आणि खालीही ठेवला नाही.

"मग हे पेढे कसले?"

पुण्यात वाढलो, उत्तराला कधी कमी पडलो नाही. त्या दिवशी मात्र रिकाम्या बॉक्सचं झाकण लावत बसलो. मनीषाचे डोळे भरून आले. शेवटी अण्णाच उठले, किल्ल्या आणून तिच्या हातात दिल्या. "सरी, बरं आहे अक्का. त्या कंपनीवाल्यांना एवढं सांगा, नवी माणसं आली की पहिल्या दिवशी जेवायचं काय ते विचारा. सामान लावण्यात स्वयंपाक राहतो." मग म्हणाले, "थांबा, कॉफी ठेवतो. तुम्हाला लांब जायचंय."

कंपनीनं चुटकीसरशी भाडेकरू आणला. आषाढातच. त्याचं नाव मोबाईलवर दिसतं, तोंड अजून पाहिलेलं नाही. तक्रार नाही, फोन नाही, सगळं बिनबोभाट. आणि मला अण्णांची फार म्हणजे फारच आठवण यायला लागली. एका रविवारी न राहवून फोन लावला.

"काय झालं मालक?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही, असंच केला."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हळूच, अगदी आशेनं, "तुमच्या तिकडं नळ-बिळ गळतोय काय?"

मी स्वयंपाकघरातल्या थेंबभरही न गळणाऱ्या नळाकडं पाहिलं. "गळतोय हो अण्णा. चांगलाच गळतोय."

"मग आधी सांगायचं नाही काय? निघालोच बघा!"

फोन ठेवला. बनशंकरीहून इथं पोचायला त्यांना निदान दोन तास तरी लागणार होते. मनीषानं काही न विचारता माळ्यावरून पाना काढून दिला, आणि मी नळ सैल करायला घेतला.